मोजलेला गुडघा, न मोजलेला गुडघा

खेळाडूंचा एक गट घ्यायचा. त्याच वयाच्या, पण कुठलाही खेळ न खेळणाऱ्या तरुणांचा दुसरा गट घ्यायचा. दोन्ही गटांच्या गुडघ्यांची ताकद यंत्रावर मोजायची, मग एकेकाला एका पायावर उभं करून तोल मोजायचा, आणि शेवटी दोन सरासऱ्या शेजारी शेजारी मांडायच्या. क्रीडावैद्यक, फिजिओथेरपी आणि शारीरिक शिक्षण या तिन्ही क्षेत्रांत या धाटणीचं संशोधन जगभर कित्येक वर्षं होत आलं आहे. निष्कर्षही बहुतेक वेळा अपेक्षेप्रमाणेच येतो: खेळाडूंची ताकद जास्त, तोलही बहुधा बरा. हा निष्कर्ष खोटा नाही. पण त्यातून खेळाडूला काही नवं कळत नाही, आणि न खेळणाऱ्याला तर त्याचं काय करायचं हेच कळत नाही. माझं म्हणणं असं आहे की गुडघ्याच्या मोजणीचा खरा उपयोग दोन गटांच्या तुलनेत नाही; एकाच माणसाच्या आधीच्या आणि आताच्या आकड्यांच्या तुलनेत आहे. हे एकदा मान्य केलं की पुढची गोष्ट ओघानंच येते. ज्यांचा गुडघा आज कुणीच मोजत नाही, म्हणजे शाळेतली मुलं-मुली, तालुक्याच्या मैदानावर खो-खो आणि कबड्डी खेळणारे, पन्नाशी ओलांडलेल्या बायका आणि पुरुष, त्यांनाच या मोजणीची सर्वांत जास्त गरज आहे.

मोजतात ते नेमकं काय, हे आधी पाहायला हवं. गुडघा हा रचनेनंच काहीसा उघडा पडलेला सांधा आहे. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला असतो. गुडघ्यात मात्र मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसती टेकलेली असतात. हाडं या सांध्याला फारसं धरून ठेवत नाहीत. ते काम अस्थिबंध, गाद्या आणि स्नायू करतात, आणि यांपैकी व्यायामानं भरघोस वाढवता येतात ते फक्त स्नायू. मांडीच्या पुढचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो. जिना उतरताना किंवा उडीनंतर जमिनीवर येताना तोच ताणला जात जात शरीराचं वजन आवरतो. मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू गुडघा वाकवतात, धावताना पुढे फेकलेला पाय वेळेवर थांबवतात आणि नडगी पुढे सरकू नये म्हणून आतल्या पुढच्या अस्थिबंधाला, खेळाडू ज्याला ‘एसीएल’ म्हणतात त्याला, साथ देतात. वाटीच्या वर दिसणारा मांसल भाग पाहून यांतलं कुठलं काम किती नीट होतंय हे सांगता येत नाही. जाड मांडी म्हणजे ताकदवान मांडी असं गृहीत धरणारे अनेक प्रशिक्षक इथेच फसतात.

दवाखान्यात स्नायूंची ताकद हातानं तपासून ० ते ५ असे गुण द्यायची पद्धत जुनी आहे. रुग्ण गुडघा सरळ करतो, तपासणारा हातानं विरोध करतो आणि अंदाजानं गुण देतो. पोलिओ किंवा मज्जातंतूच्या इजेनंतर किती शक्ती परतली हे पाहायला ही पद्धत आजही उपयोगी आहे. पण मांडीचा पुढचा स्नायू इतका बलवान असतो की कमकुवत झालेला पायही तपासणाऱ्याच्या हाताला सहज भारी पडतो. मग दोन्ही पायांना पाचपैकी पाच मिळतात आणि मोठा फरक कागदावर दिसतच नाही. यावरचा उपाय १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत निघाला. जेम्स पेरीन यांनी ठरावीक वेगानंच हलणारं यंत्र बनवलं आणि १९६७ मध्ये हेलन हिस्लॉप यांच्याबरोबर त्यामागची कल्पना मांडली. माणसाला खुर्चीत बसवून छाती, कंबर आणि मांडी पट्ट्यांनी बांधायची, गुडघ्याचा आस यंत्राच्या आसाशी जुळवायचा, घोट्याच्या वर गादी लावायची. यंत्राचा दांडा सेकंदाला ६० अंश, १८० अंश किंवा ३०० अंश अशा ठरवलेल्या वेगापलीकडे जात नाही. जितक्या जोरानं ढकलाल तितकाच विरोध परत मिळतो, आणि प्रत्येक कोनाला सांध्याभोवती किती टॉर्क तयार झाला हे न्यूटन-मीटरमध्ये नोंदलं जातं. आयसोकायनेटिक डायनॅमोमीटर या नावानं हे यंत्र आज क्रीडावैद्यकाच्या प्रयोगशाळांत असतं. सायबेक्स आणि बायोडेक्स ही त्यातली सर्वांच्या परिचयाची नावं.

यंत्र अचूक आहे; चुका होतात त्या आकड्याच्या वाचनात. समजा, ८० किलोच्या तरुणाचा पुढच्या स्नायूचा कमाल टॉर्क २०० न्यूटन-मीटर आला आणि ५५ किलोच्या तरुणीचा १६५. आकडा त्याचा मोठा आहे. पण गुडघ्याला उचलायचं असतं ते स्वतःचंच शरीर, म्हणून भागाकार वजनानं करायला हवा. तसा केला की त्याच्या वाट्याला किलोमागे अडीच न्यूटन-मीटर येतात आणि तिच्या वाट्याला तीन. जिन्यावर आणि मैदानात तिचाच गुडघा अधिक समर्थ आहे. एसीएलच्या शस्त्रक्रियेतून बरे झालेल्या तरुणांवरच्या संशोधनात किलोमागे सुमारे ३ न्यूटन-मीटर हीच पातळी गुडघा चांगला वाटण्याशी जोडली गेली आहे. दुसरा फसवा आकडा म्हणजे मागच्या आणि पुढच्या स्नायूंचं गुणोत्तर. मंद वेगाला ते ०.६ च्या आसपास असावं असं पाठ्यपुस्तकं सांगतात. पण १२० भागिले २०० हेही ०.६ आणि ६० भागिले १०० हेही ०.६. पहिला पाय सुदृढ आहे, दुसरा दोन्ही बाजूंनी दुबळा, आणि गुणोत्तराच्या रकान्यात दोघं सारखेच उत्तीर्ण. शिवाय धावताना मागचा स्नायू आखडत नसतो, ताणला जात असताना जोर लावत असतो. म्हणून ताणातली मागची ताकद आणि आखडतानाची पुढची ताकद यांचं गुणोत्तर काढायची पद्धत १९९० च्या दशकात रुजली, आणि ती प्रत्यक्ष खेळाच्या जास्त जवळ आहे. एवढं सगळं सांभाळूनही मोजणी माणसाच्या मनावर अवलंबून राहतेच. पहिल्यांदा यंत्रावर बसलेला माणूस बिचकतो, दुसऱ्या खेपेला मोकळेपणानं जोर लावतो; शेजारी कुणी ओरडून प्रोत्साहन दिलं तर आकडा वाढतो. खेळाडूला जोर काढायची सवय असते, न खेळणाऱ्याला नसते. दोन गटांतल्या फरकाचा काही भाग स्नायूंचा नसून या सवयीचा असतो, हे विसरून चालणार नाही.

तोलाचं गणित याहून वेगळं आहे. उभं राहणं ही स्थिर अवस्था नसते. शरीर सतत थोडं थोडं कलत असतं आणि डोळे, आतला कान, आणि सांधे-स्नायू-तळपायातली जाणीव या तिघांच्या खबरींवरून मेंदू ते क्षणोक्षणी सावरत असतो. डोळे मिटले की यांतली एक खबर बंद होते; म्हणून मिटल्या डोळ्यांनी एका पायावर उभं राहणं कित्येक पटींनी अवघड जातं. प्रयोगशाळेत हे बलमापक फळीवर मोजतात किंवा डुगडुगणाऱ्या चकतीवर. मैदानावर ‘वाय बॅलन्स’ नावाची सोपी चाचणी चालते. एका पायावर उभं राहून दुसरा पाय पुढे, मागे-आत आणि मागे-बाहेर असा तीन दिशांना जितका लांब नेता येईल तितका न्यायचा, आणि ते अंतर पायाच्या लांबीच्या टक्केवारीत मांडायचं.

आता मुख्य प्रश्न. ताकद असली की तोल आपोआप येतो का? तालमीतला समज तसा आहे, आणि मलाही वरवर पाहता तो पटण्यासारखा वाटतो. पुरावा मात्र वेगळं सांगतो. २०१५ मध्ये म्यूलबावर, गोलहोफर आणि ग्रानाखर या तीन जर्मन संशोधकांनी मुलांपासून वृद्धांपर्यंतच्या निरोगी माणसांवरचे अभ्यास एकत्र केले, तेव्हा पायांची ताकद आणि तोल यांच्यातलं नातं बहुतेक ठिकाणी क्षीणच निघालं. म्हणजे एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. इतकंच काय, तोलही एकच एक गुण नाही. एका उपकरणावर सराव केलेल्याची प्रगती मुख्यतः त्याच उपकरणावर दिसते, दुसऱ्यावर फारशी उतरत नाही. २००७ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांतल्या खेळाडू मुलींवर ब्रेसेल आणि सहकाऱ्यांनी केलेली तुलना इथे बोलकी आहे. बास्केटबॉल खेळणाऱ्या मुली स्थिर तोलात जिम्नॅस्टांच्या मागे होत्या आणि हालचालीतल्या तोलात फुटबॉल खेळणाऱ्यांच्या मागे. जिम्नॅस्ट आणि फुटबॉलपटू यांच्यात मात्र फरक आढळला नाही. तिन्ही गट ‘खेळाडू’ याच सदरात मोडतात, पण प्रत्येक खेळानं शरीराकडून जे मागितलं तेच शरीरानं दिलं. आपल्याकडचा खो-खो पाहा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण चौकोनांत आळीपाळीनं विरुद्ध दिशांना तोंड करून बसलेले असतात. ‘खो’ मिळताच त्या खोल बैठकीतून एका क्षणात उसळून धावायचं असतं आणि एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. गुडघा पूर्ण वाकलेल्या स्थितीतून स्फोटक जोर काढणं हे या खेळाचं खास मागणं आहे. ते लांब उडीच्या खेळाडूच्या किंवा मल्लखांबपटूच्या आकड्यांशी ताडून काही हाती लागणार नाही.

‘खेळाडू’ हे सदर किती ढोबळ आहे हे वय वाढल्यावर अधिकच उघड होतं. फिनलंडमधल्या माजी अव्वल खेळाडूंच्या गुडघ्यांची पाहणी उर्हो कुयाला यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. गुडघ्याची झीज नेमबाजांत ३ टक्के, धावपटूंत १४, फुटबॉलपटूंत २९ आणि वेटलिफ्टरांत ३१ टक्के आढळली. फुटबॉलपटूंच्या झिजेचा संबंध मुख्यतः गुडघ्याच्या जुन्या दुखापतींशी होता, वेटलिफ्टरांच्या झिजेचा शरीराच्या वजनाशी. खेळल्यामुळे गुडघे वाचतात आणि खेळल्यामुळे गुडघे जातात, ही दोन्ही वाक्यं सरसकट म्हणून चुकीची आहेत. नीट प्रश्न असा आहे: कोणता खेळ, किती भार, आणि दुखापत झाली तर ती पूर्ण भरून निघाली होती का?

या तिसऱ्या प्रश्नापाशी मोजणीची किंमत कळते. एसीएल तुटल्यावर नवा अस्थिबंध बसवतात, पण मांडीचा पुढचा स्नायू लगेच परतत नाही. सुजलेल्या सांध्याकडून जाणारे संदेश मज्जारज्जूच्या पातळीवरच त्या स्नायूला दाबून ठेवतात. माणसानं कितीही मनापासून जोर लावला तरी स्नायूचा काही भाग जागाच होत नाही. बाहेरून पाय भरलेला दिसतो, दुखत नाही, खेळाडू म्हणतो मी तयार आहे. हेगे ग्रिंडेम आणि सहकाऱ्यांनी नॉर्वेतल्या रुग्णांची नोंद २०१६ मध्ये मांडली. ताकदीचे आणि उड्यांचे निकष पूर्ण न करताच मैदानात उतरलेल्यांपैकी ३८.२ टक्क्यांना दोन वर्षांत पुन्हा गुडघ्याची दुखापत झाली; निकष पूर्ण करून उतरलेल्यांत हेच प्रमाण ५.६ टक्के होतं. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक धोका सुमारे निम्म्यानं घटला. या अभ्यासातली माणसं थोडी होती, त्यामुळे दशांशावर फार भर देऊ नये. दिशा मात्र स्पष्ट आहे. अव्वल पातळीवर ही शिस्त हळूहळू येते आहे. विनेश फोगाट हिच्या गुडघ्यावर २०२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि वर्षभरानं, पॅरिस ऑलिंपिकमध्ये, एकाच दिवसात तीन कुस्त्या जिंकून ती अंतिम फेरीत पोचली. त्यामागे वैद्यकीय चमूचं पाठबळ होतं. जिल्हा पातळीवरच्या कबड्डीपटूपाशी असा चमू नसतो. त्याला ‘आता बरं वाटतंय ना?’ एवढ्याच प्रश्नावर परत उतरवलं जातं.

शस्त्रक्रियेनंतरचा प्रचलित निकष असा की जखमी पायाची ताकद चांगल्या पायाच्या किमान ९० टक्के व्हायला हवी. वाजवी वाटतो, पण त्यात एक खोट आहे. सहा-आठ महिने खेळ थांबला की चांगला पायही दुबळा होतो. मग घसरलेल्या पायाशी तुलना करून जखमी पाय उत्तीर्ण होतो. अमेरिकेत वेलसँट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये नेमकं हेच दाखवलं: शस्त्रक्रियेपूर्वीच्या चांगल्या पायाच्या आकड्याशी तुलना केली तर ९० टक्क्यांच्या कसोटीवर उतरलेले कित्येक जण नापास ठरतात, आणि पुन्हा दुखापत कुणाला होईल हे ओळखण्यातही ती जुनी तुलनाच सरस ठरते. म्हणूनच मी आधीच्या आकड्याचा आग्रह धरतो. दुसऱ्या पायाचा आधार अपुरा आहे, दुसऱ्या गटाच्या सरासरीचा तर त्याहून अपुरा. दुखापत होण्यापूर्वी, धडधाकट असताना घेतलेली स्वतःची नोंद हीच खरी मोजपट्टी, आणि ती दुखापतीनंतर कुठूनही आणता येत नाही.

यावर क्रीडावैद्यकातूनच एक भक्कम आक्षेप येतो. २००८ मध्ये बेल्जियमच्या क्रुआझिए यांनी हंगामापूर्वी यंत्रावर तपासलेल्या ४६२ व्यावसायिक फुटबॉलपटूंचा पाठपुरावा केला आणि स्नायूंचं असंतुलन तसंच सोडलेल्यांना मागच्या स्नायूच्या दुखापतीचा धोका चार ते पाच पट असल्याचं दाखवलं. पुढे कतारमध्ये निकोल व्हॅन डाइक यांनी ६१४ फुटबॉलपटूंचा चार वर्षं पाठपुरावा केला, आणि ताकदीचे आकडे व दुखापत यांचा संबंध इतका पुसट निघाला की त्यावरून कुणाला दुखापत होईल हे सांगणं अशक्य होतं. २०१६ मध्येच नॉर्वेच्या रोआल्ड बार यांनी लिहिलं की अशा चाचण्यांनी दुखापतीचं भाकीत होत नाही आणि बहुधा कधी होणारही नाही, कारण दुखापत होणाऱ्यांचे आणि न होणाऱ्यांचे आकडे एकमेकांत फार मिसळलेले असतात. मग मोजायचं कशाला, सगळ्यांनाच व्यायाम द्या, असा या आक्षेपाचा रोख आहे. त्यातला पहिला भाग मला पूर्ण मान्य आहे. ‘तुझा आकडा कमी, तू यंदा जायबंदी होणार’ असं कुणी सांगत असेल तर ते शास्त्र नव्हे. दुसराही बराचसा मान्य आहे. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या १,८९२ फुटबॉलपटू मुलींवर झालेल्या प्रयोगात, कुणाचीही आधी छाननी न करता, वीस मिनिटांच्या ताकद-तोलाच्या वॉर्म-अपनं गंभीर दुखापती जवळजवळ निम्म्यावर आल्या. पण भाकीत हा मोजणीचा एकच उपयोग आहे, आणि तो सर्वांत कच्चा आहे. व्यायाम दिल्यावर ताकद खरंच वाढली का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. दुखापतीनंतर कुठवर परत यायचं, हे आधी मोजल्याशिवाय कळत नाही. आणि वर्षभरात एकाच माणसाचा आकडा पडला, तर ती पडझड भविष्याचा अंदाज नसते. घडून गेलेली गोष्ट असते. बार यांचा युक्तिवाद माणसामाणसांतल्या तुलनेविरुद्ध आहे. स्वतःच्याच आधीच्या नोंदीशी होणाऱ्या तुलनेला तो लागू होत नाही.

दुसरा आक्षेप साधा आहे, पण दोन गटांच्या तुलनेचा पायाच हलवणारा. खेळाडू खेळल्यामुळे बलवान झाले, की मुळात बलवान होते म्हणून खेळात टिकले? एकदाच केलेल्या मोजणीतून याचं उत्तर मिळू शकत नाही. ज्याचे गुडघे कच्चे होते तो दहावीतच खेळ सोडून गेलेला असतो आणि पुढे ‘बिगरखेळाडू’ गटात मोजला जातो. हा आक्षेप निरुत्तर करणारा आहे, आणि त्यातून एकच सुटका आहे: त्याच माणसांना पुन्हा पुन्हा मोजणं.

आता न खेळणाऱ्यांकडे वळू, कारण माझ्या मते विषयाचा सर्वांत जड भाग इथे आहे. गुडघे दुखायला लागले की घरोघरी ‘वंगण संपलं’ म्हणतात आणि दुखतं म्हणून चालणं कमी होतं. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सुरू केलेल्या घरोघरच्या सर्वेक्षणानं सांधेदुखी हा ग्रामीण भागातला केवढा मोठा आजार आहे हे समोर आणलं, आणि गुडघा हा त्यातल्या प्रमुख तक्रारींपैकी एक होता. दुखण्यामुळे स्नायू सुकतो असा सर्वसाधारण समज आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत स्लेमेंडा आणि ब्रँट यांनी पासष्टीपुढच्या लोकांत वेगळंच पाहिलं: एक्स-रेमध्ये झीज दिसते पण दुखत मुळीच नाही आणि मांडीही सुकलेली नाही, अशांचाही पुढचा स्नायू दुबळा होता. पुढच्या वर्षांतल्या पाठपुराव्याच्या अभ्यासांतून हा दुबळेपणा गुडघ्याच्या झिजेचा धोका वाढवतो हे दिसत गेलं. म्हणजे दुखण्याआधी एक मोठा काळ असा असतो की ज्यात स्नायू खालावलेला असतो आणि माणसाला त्याचा पत्ता नसतो. डोळ्यांनी तो दिसत नाही, कारण उतारवयात ताकद ही स्नायूच्या वस्तुमानाच्या सुमारे तिप्पट वेगानं घटते. मोजपट्टीनं मांडी तेवढीच भरते आणि खुर्चीतून उठताना मात्र हात टेकावे लागतात.

तोलाचंही तसंच. ब्राझीलमध्ये क्लाउडिओ आराउजो यांनी ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांना दहा सेकंद एका पायावर उभं राहायला सांगितलं. पन्नाशीच्या सुरुवातीला सुमारे ५ टक्के लोकांना ते जमलं नाही. सत्तरी ओलांडलेल्यांत निम्म्याहून अधिकांना. पुढच्या सुमारे सात वर्षांत ज्यांना जमलं होतं त्यांच्यापैकी ४.६ टक्के वारले, ज्यांना जमलं नव्हतं त्यांच्यापैकी १७.५ टक्के. वय, वजन आणि आजार यांचा हिशेब केल्यावरही मृत्यूचा धोका ८४ टक्क्यांनी जास्त राहिला. एका पायावर उभं न राहिल्यानं कुणी मरत नाही. शरीराच्या अनेक व्यवस्था एकदम ढासळू लागल्याची ती खूण आहे.

आपल्याकडे लोक मांडी घालून बसतात, उकिडवे बसतात, शेतात वाकून काम करतात, त्यांना कसली चाचणी, असं इथे कुणी म्हणेल. उकिडवं बसून उठणं हा उत्तम व्यायाम होता यात शंका नाही. पण शहरांत आणि आता गावांतही जेवण टेबलावर गेलं, शौचालय खुर्चीचं झालं, स्वयंपाकाचा ओटा उभा झाला. गुडघा पूर्ण वाकवून शरीराचं वजन उचलायची रोजची कारणं एकेक करून नाहीशी होत गेली आणि त्यांच्या जागी दुसरं काही आलं नाही. त्याउलट शेतात आणि बांधकामावर राबणाऱ्या बाईच्या गुडघ्यावर भार अतोनात आहे, पण तो भार आणि ताकद यांचा मेळ बसतो का, हे कुणी पाहिलेलं नाही. कष्ट म्हणजे व्यायाम हे समीकरण तिच्यावर अन्याय करणारं आहे.

खर्चाचा मुद्दा उरतो. आयसोकायनेटिक यंत्राची किंमत लाखांत असते, ते चालवायला प्रशिक्षित माणूस लागतो, ते तालुक्याच्या ठिकाणी नेता येत नाही. पण कामापुरती मोजणी त्याच्याविना होते. हातात मावणारा डायनॅमोमीटर पट्ट्यानं टेबलाच्या पायाला बांधला तर तपासणाऱ्याच्या मनगटाची ताकद आड येत नाही आणि आकडा पुरेसा विश्वासार्ह मिळतो. तेही नसेल तर साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची आणि घड्याळ पुरतं: हात छातीवर बांधून ३० सेकंदांत किती वेळा उठता-बसता येतं ते मोजायचं. वयानं होणाऱ्या स्नायूक्षयासाठी आशियाई तज्ज्ञगटानं २०१९ मध्ये दिलेला निकषही असाच आहे. पाच वेळा उठायला-बसायला १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पुढची तपासणी करावी. तोलासाठी जमीन, मोजपट्टी आणि खडू एवढंच लागतं. मात्र खुर्ची तीच, वेळ तीच, पायांत काही घालायचं की नाही हेही तेच ठेवायला हवं. आणि पहिल्या खेपेचे आकडे सोडून दुसऱ्या खेपेचे नोंदवावेत, म्हणजे बिचकण्याचा परिणाम वगळला जातो.

शाळेत हे काही अंशी सुरू झालेलंच आहे आणि नेमकं नको तिथे थांबलं आहे. खेलो इंडियाच्या शालेय चाचण्यांत पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी एका पायावर तोल सांभाळण्याची फ्लेमिंगो चाचणी आहे. चौथीपासून पुढे ती यादीत नाही. तिथे उंची-वजन, ५० मीटर आणि ६०० मीटर धाव, बसून पुढे वाकणं, पोटाचा व्यायाम आणि पुश-अप आहेत. पायाची ताकद थेट मोजणारं काहीच नाही. आणि गुडघ्याच्या दृष्टीनं निर्णायक वय चौथीनंतरच सुरू होतं. वयात येताना मुलांची ताकद उंची-वजनाबरोबर झपाट्यानं वाढते. मुलींची उंची आणि वजन वाढतं, ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. अचानक वळण्या-थांबण्याच्या खेळांत मुलींना एसीएलची दुखापत मुलांच्या दोन ते चार पट होते, त्यामागच्या कारणांपैकी हे एक मानलं जातं. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि प्रियांका इंगळे व प्रतीक वाईकर हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. या खेळाची इथली मुळं शाळांच्या मैदानांत आहेत. त्या मैदानांवरच्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याची एकही नोंद कुठे नसावी, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

आकडे पाहून लोक घाबरतील, मुलांवर ‘कमजोर’ असा शिक्का बसेल, म्हाताऱ्यांना उगाच वयाची आठवण होईल, ही भीतीही मी हलकी मानत नाही. वर्गासमोर आकडे वाचून दाखवले तर तसंच होईल, म्हणून ते वाचून दाखवू नयेत आणि त्यांवरून क्रमवारी लावू नये. पण पडलेला आकडा वर आणता येतो याचा पुरावा फार आश्वासक आहे. मारिया फियातारोने यांनी १९९० मध्ये बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीच्या पुढच्या स्नायूचा भारी वजनांचा व्यायाम दिला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि पावलापुढे पाऊल टेकत चालण्याचा वेगही सुमारे निम्म्यानं वाढला. पायांची ताकद आणि तोल या दोन्हींचा व्यायाम एकत्र देणाऱ्या न्यूझीलंडच्या ओटागो कार्यक्रमानं वृद्धांचं पडणं सुमारे एक तृतीयांशानं कमी केलं. हे दोन गुण वेगवेगळे आहेत म्हणूनच दोन्हींना वेगळा सराव लागतो. ताकद वाढली म्हणून तोलाचा सराव सोडला तर निम्मंच काम होतं.

मग प्रत्यक्षात करायचं काय? वर्षातून दोनदा, जूनमध्ये शाळा उघडल्यावर आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर, उंची-वजन नोंदतात त्याच वहीत प्रत्येक मुलामुलीचे तीन आकडे लिहावेत: ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता-बसता आलं, मिटल्या डोळ्यांनी एका पायावरचे सेकंद, आणि दोन्ही पायांनी वेगवेगळी मारलेली एका पायावरची लांब उडी. वहीत डावा-उजवा असे रकाने हवेत. लहानसहान चढउतार सोडून द्यावेत, कारण तेवढी चूक मोजणीतच असते. दोन नोंदींत किंवा दोन पायांत १० टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर सहा आठवड्यांनी पुन्हा मोजावं आणि तरीही तो राहिला तर फिजिओथेरपिस्टला दाखवावं. प्राथमिक आरोग्य केंद्रात पन्नाशीपुढच्या प्रत्येकाचा रक्तदाब घेताना खुर्चीतून पाच वेळा उठवून घ्यावं आणि सेकंद त्याच कार्डावर लिहावेत. शाळा सुटताना मुलांच्या हाती ती वहीची पानं द्यावीत, म्हणजे पुढे कॉलेजच्या संघात किंवा पोलीस भरतीच्या मैदानावर गुडघा मुरगळला, तर तपासणाऱ्यासमोर त्याच पायाचा धडधाकट असतानाचा आकडा असेल.